हवेला आधी विचारा: स्वस्त व्हीएनएकडून खरा आकडा कसा काढायचा

डिसेंबरातली सकाळ. संग्रामपूर तालुक्यातलं हरभऱ्याचं शेत. पिकाला फुलं लागायला सुरुवात झालेली. शेताच्या कडेला शेततळं, आणि त्यात जेमतेम एका पाण्यापुरता साठा. एकदाच पाणी देता येणार होतं, त्यामुळे ते नेमकं कधी द्यायचं एवढाच प्रश्न होता.

मी माझा हातातला व्हीएनए काढला, प्रोब मातीत दाबला आणि लॅपटॉपवर आकडा पाहिला: ३४ टक्के ओल. परत दाबला, ३४. तिसऱ्यांदा, ३४. मी काकांना सांगितलं, "अजून आठवडाभर पाण्याची गरज दिसत नाही." काकांनी खाली वाकून मूठभर माती उचलली, दाबली, सोडली आणि म्हणाले, "तुमचं यंत्र काय म्हणते ते म्हणो, पण माह्या हाताले माती कोल्डी लागून राह्यली."

त्याच जागेची माती मी पिशवीत भरून आणली. १०५ अंश सेल्सिअसला २४ तास भट्टीत वाळवली, वजनातला फरक काढला, मातीच्या घनतेने गुणलं. उत्तर आलं २० टक्क्यांच्या आसपास. काळ्या चिकण मातीत २० टक्के ओल म्हणजे झाडाच्या दृष्टीने जवळपास कोरडंच, कारण चिकणमाती पाणी इतकं घट्ट धरून ठेवते की मुळांना ते सुटत नाही.

काकांचा हात बरोबर होता. माझं यंत्र तीनदा तोच आकडा सांगत होतं आणि तिन्ही वेळा चुकत होतं. सुदैवाने काकांनी माझं ऐकलं नाही, त्याच दिवशी पाणी दिलं.

हा लेख त्या १४ टक्क्यांच्या फरकाबद्दल आहे. तुम्ही एम.एस्सी. करत असाल, पेट किंवा नेटची तयारी करत असाल, आणि पुढे मायक्रोवेव्ह, अँटेना, सेन्सर, माती, धान्य असल्या कुठल्याही विषयात मोजमाप करणार असाल, तर आज ना उद्या हे स्वस्त यंत्र तुमच्या हातात येणारच. मोठ्या प्रयोगशाळेतला व्हीएनए लाखो रुपयांचा असतो, त्यावर वेळ मिळायला आठवडे थांबावं लागतं, आणि तो उचलून शेतात नेता येत नाही. म्हणून हे छोटं यंत्र. ते वाईट नाही. पण त्याला प्रश्न कसा विचारायचा, ते आपल्याला यायला हवं.

यंत्राच्या आत काय आहे

व्हीएनए म्हणजे व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझर. काम साधं: एखाद्या वस्तूकडे रेडिओ लहर पाठवायची आणि परत किती आली, किती उशिरा आली, ते मोजायचं. "किती" म्हणजे परिमाण आणि "किती उशिरा" म्हणजे फेज. दोन्ही मिळून होतो परावर्तन गुणांक, ज्याला आपण एस-११ म्हणतो.

नॅनोव्हीएनएचा मूळ आराखडा एका जपानी हौशी अभियंत्याने खुला केला, आणि २०१९ च्या सुमारास चीनमध्ये बनलेली त्याची रूपं जगभर पोहोचली. आतले भाग पाहिले तर गंमत वाटते. लहर तयार करायला एसआय-५३५१ नावाची घड्याळ-चिप आहे, जी खरं तर डिजिटल सर्किटांना ठोका देण्यासाठी बनवलेली. परत आलेली लहर मिक्सरमधून खाली आणून ऐकू येणाऱ्या आवाजाच्या फ्रिक्वेन्सीला आणली जाते, आणि मग ती मोजते एक ऑडिओ चिप, म्हणजे गाणी वाजवण्यासाठी असते तशीच.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पहिली: ही चिप साइन लहर देत नाही, चौकोनी लहर देते. दुसरी: मूळ लहर साधारण ३०० मेगाहर्ट्झपर्यंतच जाते. त्यावर ९०० मेगाहर्ट्झपर्यंत यंत्र जे मोजतं, ते त्या चौकोनी लहरीतल्या हार्मोनिकवर, म्हणजे तिसऱ्या-पाचव्या पटीतल्या कमजोर भागावर. म्हणून ३०० च्या वर गेलं की गोंगाट वाढतो आणि डायनॅमिक रेंज घटते. जाहिरातीत "९०० मेगाहर्ट्झ" लिहिलेलं खरं असतं, पण त्या पट्ट्यातले सगळे आकडे सारख्याच भरवशाचे नसतात.

यंत्र खोटं का बोलतं

कोणताही व्हीएनए, दोन हजारांचा असो वा वीस लाखांचा, कच्च्या रूपात खोटंच बोलतो. एका पोर्टवर मोजताना तीन चुका मिसळलेल्या असतात.

पहिली, डायरेक्टिव्हिटी: लहर वस्तूपर्यंत पोहोचायच्या आधीच तिचा थोडा भाग आतल्या आत गळून "परत आलो" असं सांगतो. दुसरी, सोर्स मॅच: वस्तूकडून परत आलेली लहर यंत्राच्या तोंडावर आपटून पुन्हा वस्तूकडे जाते. तिसरी, ट्रॅकिंग: जाता-येता केबल आणि मिक्सर लहरीला किती कमी करतात आणि किती उशीर करतात.

अज्ञात तीन आहेत, म्हणून समीकरणंही तीनच हवीत. त्यासाठी ज्यांचं उत्तर आधीच माहीत आहे अशा तीन वस्तू जोडायच्या: ओपन, शॉर्ट आणि ५० ओहमचा लोड. कॅलिब्रेशन म्हणजे बस एवढंच. यंत्राला तीन सोपे प्रश्न विचारायचे, त्याच्या चुका ओळखायच्या, आणि चौथ्या उत्तरातून त्या वजा करायच्या.

यात मेख अशी की यंत्र त्या तीन वस्तू परिपूर्ण आहेत असं धरून चालतं. तुमचा लोड ५० ऐवजी ५२ ओहमचा असेल तर? परावर्तन गुणांक म्हणजे (५२ − ५०) भागिले (५२ + ५०), म्हणजे सुमारे ०.०२. यंत्र याला शून्य समजणार. आता तुम्ही अँटेना मोजली आणि रिटर्न लॉस २० डेसिबल आला, म्हणजे गुणांक ०.१. खरा गुणांक ०.०८ ते ०.१२ मध्ये कुठेही असू शकतो, म्हणजे रिटर्न लॉस जवळपास २२ ते १८.४. चालेल. पण रिटर्न लॉस ३० आला, म्हणजे गुणांक ०.०३२, तर खरं उत्तर २६ पासून ३८ पर्यंत कुठेही! "माझ्या अँटेनाचा रिटर्न लॉस ३५ डेसिबल" असं सेमिनारमध्ये अभिमानाने सांगण्याआधी लोडला मल्टिमीटर लावून बघा.

रेफरन्स प्लेन: मोजमाप सुरू कुठून होतं

कॅलिब्रेशन करताना ओपन-शॉर्ट-लोड तुम्ही जिथे जोडता, ती जागा म्हणजे रेफरन्स प्लेन. यंत्राच्या लेखी जग तिथून सुरू होतं. यंत्राच्या तोंडावर कॅलिब्रेशन केलंत आणि मग केबल जोडलीत, तर ती केबलही तुमच्या वस्तूचाच भाग झाली.

किती फरक पडतो? आरजी-३१६ या पातळ केबलमध्ये लहर प्रकाशाच्या सुमारे ०.७ पट वेगाने जाते. १४५ मेगाहर्ट्झला केबलमधली तरंगलांबी साधारण १.४४ मीटर. म्हणजे फक्त १० सेंटिमीटर केबल जाताना २५ अंश आणि येताना २५ अंश, एकूण ५० अंश फेज बदलते. स्मिथ चार्टवर तुमचा बिंदू ५० अंशांनी फिरतो. कॅपॅसिटर असेल तर इंडक्टर दिसू शकतो.

म्हणून नियम सोपा: कॅलिब्रेशन केबलच्या शेवटच्या टोकाला करायचं, आणि त्यानंतर मध्ये काहीही घालायचं नाही. "फक्त एक छोटा अ‍ॅडॅप्टर" सुद्धा नाही.

माझी चूक कुठे होती

आता परत शेतात येऊ.

खारपाण पट्टा तुम्हाला माहीत असेल. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांत पसरलेला. खोल काळी चिकणमाती, आणि खाली खारं पाणी. विहिरीचं पाणी पिकाला चालत नाही, म्हणून शेततळ्यातलं पावसाचं पाणी मोलाचं. अशा ठिकाणी ओल नेमकी कळली तर एक पाणी वाचतं किंवा एक पीक वाचतं.

ओल मोजायची कल्पना अशी: कोरड्या मातीचा सापेक्ष परावैद्युतांक ३ ते ५, पाण्याचा जवळपास ८०. मातीत पाणी वाढलं की परावैद्युतांक झपाट्याने वाढतो. कॅनडातल्या टॉप आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये परावैद्युतांकावरून ओल काढायचं एक समीकरण दिलं, जे आजही सगळीकडे वापरलं जातं. त्यानुसार परावैद्युतांक २० असेल तर ओल सुमारे ३४ टक्के, आणि १०.७ असेल तर सुमारे २०. (जड चिकणमातीत हे समीकरण जसंच्या तसं बसत नाही, स्वतःच्या मातीसाठी भट्टीच्या आकड्यांवरून नवं बसवावं लागतं. पण ती पुढची गोष्ट.)

माझा प्रोब म्हणजे पट्टी असलेला साधा एसएमए कनेक्टर, पुढचं टोक सपाट घासलेलं. त्या टोकाची हवेतली धारकता सुमारे ०.०३ पिकोफॅरॅड. गणित करून बघा: १०० मेगाहर्ट्झला, परावैद्युतांक २० असलेल्या मातीत हा प्रोब फेज बदलतो फक्त २.१६ अंशांनी. परावैद्युतांक १०.७ असेल तर १.१६ अंशांनी. म्हणजे ओली माती आणि कोरडी माती यांत फरक नेमका एक अंश!

आणि तो एक अंश मी केबलमध्ये हरवला होता. माझी केबल दोन मीटरची होती, उभं राहून काम करता यावं म्हणून. १०० मेगाहर्ट्झला जाऊन-येऊन तिची एकूण फेज ६९० अंशांच्या आसपास. तिच्यात सातशेत एक भाग बदल झाला, की एक अंश गेला. जाता-येताचा हिशोब धरला तर हे फक्त तीन मिलिमीटर केबलइतकं आहे.

बदल झाला कसा? कॅलिब्रेशन मी आदल्या दुपारी खोलीत केलं होतं, आणि मोजमाप दुसऱ्या दिवशी पहाटेच्या थंडीत. आरजी-३१६ च्या आत पीटीएफई असतं, ज्याला आपण टेफ्लॉन म्हणतो. पीटीएफईची स्फटिकरचना १९ अंश सेल्सिअसच्या आसपास बदलते. त्या तापमानाच्या वर-खाली गेलं की घनता बदलते, परावैद्युतांक बदलतो, आणि केबलची विद्युत लांबी सरकते. थंडीत केबल "लांब" होते, लहरीला उशीर होतो, आणि यंत्राला वाटतं समोर जास्त धारकता आहे, म्हणजे जास्त पाणी. त्यात यंत्रही थंड होतं, आणि थंड बोटांनी नटही पुरता आवळला गेला नव्हता. या सगळ्यांची बेरीज म्हणजे एक अंश.

इथे अनेक जण म्हणतात, "मग फ्रिक्वेन्सी वाढव, ५०० मेगाहर्ट्झला प्रोबची फेज ११ अंश होईल." होईल खरी. पण केबलच्या उशिरामुळे येणारी चूकही फ्रिक्वेन्सीबरोबर पाचपट होईल. दोन्ही बरोबरच वाढतात, त्यामुळे टक्केवारीत चूक तेवढीच राहते. केबलची चूक फ्रिक्वेन्सी वाढवून जात नाही. ती केबल लहान करून आणि कॅलिब्रेशन प्रोबच्या टोकाशी, त्याच जागी, त्याच वेळी करून जाते.

मग फ्रिक्वेन्सी कोणती घ्यायची?

फ्रिक्वेन्सीचा प्रश्न दुसऱ्या कारणाने महत्त्वाचा आहे: मीठ.

मातीत क्षार असले की ती वीज वाहते. ही वाहकता परावैद्युतांकाच्या काल्पनिक भागात येऊन मिसळते, आणि ती फ्रिक्वेन्सीच्या व्यस्त प्रमाणात असते. मातीची वाहकता मीटरला ०.१ सीमेन्स धरू (क्षारांच्या भाषेत १ डेसिसीमेन्स प्रति मीटर). ५० मेगाहर्ट्झला काल्पनिक भाग येतो ३६. १०० ला १८. २५० ला सुमारे ७. ५०० ला ३.६. ज्या मातीचा खरा भाग १० ते २० आहे, तिथे ५० मेगाहर्ट्झला तुम्ही पाणी नव्हे, मीठच मोजत असता.

म्हणजे खाली मीठ, आणि ३०० च्या वर यंत्राचे कमजोर हार्मोनिक. माझ्यासाठी सोयीचा पट्टा निघाला २०० ते ३०० मेगाहर्ट्झ. तिथे मीठ आवरलेलं असतं, प्रोबची फेज ५ अंशांच्या पुढे जाते, आणि यंत्र अजून मूळ लहरीवर चालत असतं. तुमच्या विषयात आकडे वेगळे येतील, पण विचार हाच ठेवा: वस्तूला कोणती फ्रिक्वेन्सी हवी आणि यंत्राला कोणती झेपते, या दोहोंच्या मधली जागा शोधायची. यंत्र चालू करायच्या आधी हे कागदावर करा. मी हे आकडे शेतातून परत आल्यावर मांडले, म्हणजे उलट क्रमाने.

हवा, शॉर्ट आणि पाणी

आता मी जे करतो ते सांगतो.

ओपन-शॉर्ट-लोड केबलच्या टोकाला जोडता येतात, पण प्रोबच्या टोकाला नाही. तिथे मी तीन वेगळ्या वस्तू वापरतो: हवा (परावैद्युतांक १), तांब्याचा पत्रा रबराने घट्ट दाबून केलेला शॉर्ट (जणू परावैद्युतांक अनंत), आणि डिस्टिल्ड पाणी (२५ अंशाला ७८.४).

प्रत्येकाचं एस-११ मोजायचं आणि मग मातीचं. त्यांना नावं देऊ: ह, श, प, म. हे चारही सदिश आकडे, म्हणजे परिमाण आणि फेज दोन्ही धरून. मग:

(मातीचा परावैद्युतांक − १) भागिले (पाण्याचा परावैद्युतांक − १) = [(म − ह) × (प − श)] भागिले [(म − श) × (प − ह)]

नीट बघा. या सूत्रात केबलची लांबी नाही, प्रोबची धारकता नाही, यंत्राच्या तिन्ही चुका नाहीत. सगळ्या आपोआप गळून जातात, कारण त्या चारही मोजमापांत सारख्याच मिसळलेल्या असतात. तपासून पाहायचं असेल तर म च्या जागी ह ठेवा, उत्तर १ येईल. म च्या जागी प ठेवा, पाणी येईल. म च्या जागी श ठेवा, छेद शून्य होऊन अनंत येईल. हे हाताने करून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका, परीक्षेतही कामी येईल.

अट एकच: चारही मोजमापं होईपर्यंत काही हलता कामा नये. केबल हलली, नट सैल झाला, ऊन चढलं, की चुका "सारख्या" राहत नाहीत आणि सूत्र फसतं. म्हणून केबल आता १५ सेंटिमीटरची, लाकडी पट्टीला बांधलेली. यंत्रही त्याच पट्टीवर. हलवायचं तर सगळं एकत्र.

पाण्याचं तापमानही मोजायचं. २५ अंशाला ७८.४, २० ला ८०.१, १० ला जवळपास ८४. डिसेंबरच्या सकाळी बाटलीतलं पाणी १० अंशावर असताना तुम्ही ७८.४ धरलंत, तर सात टक्के चूक तिथेच झाली. आणि पाणी डिस्टिल्डच हवं. खारपाण पट्ट्यातल्या विहिरीचं पाणी इथे घेतलंत तर कॅलिब्रेशनमध्येच मीठ शिरलं म्हणून समजा.

तपासणी: जे कॅलिब्रेशनमध्ये वापरलं नाही ते मोजा

कॅलिब्रेशननंतर लोड जोडून "बघा, मस्त शून्य येतंय" म्हणणं म्हणजे स्वतः लिहिलेली उत्तरपत्रिका स्वतःच तपासणं. लोड आला तर लोडच दिसणार, यंत्राला तुम्हीच तसं शिकवलंय. तपासायचं ते वेगळ्या वस्तूने, जिचं उत्तर तुम्हाला माहीत आहे पण यंत्राला माहीत नाही.

काही स्वस्त उपाय:

एक, ५० ओहमचे दोन लोड टी-जोडणीवर एकत्र लावा. २५ ओहम झाले. रिटर्न लॉस ९.५ डेसिबल यायला हवा. (कमी फ्रिक्वेन्सीला करा, वर टी-जोडणीची स्वतःची लांबी मध्ये येते.)

दोन, १० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर लावून पुढचं टोक शॉर्ट करा. लहर जाताना १० आणि येताना १० कमी होते, म्हणून २० डेसिबल यायला हवा.

तीन, प्रोबसाठी शुद्ध इथेनॉल. २५ अंशाला २५० मेगाहर्ट्झच्या आसपास परावैद्युतांक २३-२४ च्या दरम्यान यायला हवा. सॅनिटायझर नव्हे, त्यात पाणी असतं.

चार, सगळ्यात स्वस्त: हवा. दर दहा मोजमापांनंतर प्रोब पुसून हवेत धरा. उत्तर १ यायला हवं.

या चौथ्या उपायाचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. त्या सकाळी मी एकदा, फक्त एकदा, प्रोब हवेत धरला असता तर काय दिसलं असतं? तोच हरवलेला एक अंश हवेतही मिसळला असता, आणि यंत्राने हवेचा परावैद्युतांक जवळपास १० सांगितला असता. हवा म्हणे दहा! दहा सेकंदांत कळलं असतं की काहीतरी बिघडलंय. काकांनी मूठभर माती दाबून पाहिली, ती त्यांची तपासणी. माझ्याकडे माझी तपासणी होती, पण मी ती केली नाही.

तीनदा तोच आकडा आला म्हणजे खरा?

नाही. हा गैरसमज मी स्वतः बाळगून होतो, म्हणून जरा सविस्तर.

एकच मोजमाप परत परत केल्यावर आकडे जवळजवळ येणं म्हणजे पुनरावृत्ती. आकडा खऱ्याच्या जवळ असणं म्हणजे अचूकता. तराजूचा काटाच पाव किलोने सरकलेला असेल तर दहा वेळा तोललं तरी दहा वेळा पाव किलो जास्तच भरणार, आणि दहाही वेळा एकसारखं भरणार.

सरासरी घेतल्याने गोंगाट कमी होतो. १६ वाचनांची सरासरी घेतली तर गोंगाट चौथ्या हिश्श्यावर येतो. पण सरकलेला काटा सरासरीने जागेवर येत नाही. म्हणून शोधनिबंधात फक्त "१० वाचनांची सरासरी आणि प्रमाण विचलन" लिहून थांबू नका. त्याच वस्तूला नट सोडून, परत जोडून, पाच वेळा मोजा. दुसऱ्या दिवशी नवं कॅलिब्रेशन करून मोजा. शक्य असेल तर एखादा नमुना मोठ्या व्हीएनएवर नेऊन मोजा. हे तिन्ही फरक वेगवेगळे लिहा. परीक्षक तुम्हाला विचारेल तो प्रश्न हाच असतो: "हा फरक मातीचा आहे की तुमच्या नटाचा?"

थोडक्यात, शेतात किंवा लॅबमध्ये जाण्याआधी

यंत्र चालू करून पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवा, गरम होऊन स्थिर होऊ द्या. भर उन्हात ठेवू नका.

जो पट्टा मोजायचा तोच निवडा आणि त्याच पट्ट्यात कॅलिब्रेशन करा. पट्टा नंतर बदलला तर यंत्र अंदाजाने मधले आकडे भरतं, त्यापेक्षा नव्याने कॅलिब्रेशन करा. आणि पूर्ण पट्टा घेऊन बसू नका: ५० किलोहर्ट्झ ते ९०० मेगाहर्ट्झ यात १०१ बिंदू म्हणजे दोन बिंदूंमध्ये ९ मेगाहर्ट्झ. अरुंद अनुनाद त्या फटीतून सुटून जातो.

जोडताना नट फिरवा, केबल फिरवू नका. केबल फिरली की मधली पिन घासते, आणि कनेक्टर हळूहळू खराब होत जातो.

दोन पोर्टवर, म्हणजे फिल्टर किंवा केबलचा एस-२१ मोजत असाल, तर लक्षात ठेवा की हे यंत्र एकाच दिशेने लहर पाठवतं. उलट दिशेसाठी वस्तू उलटी जोडावी लागते, आणि दुसऱ्या पोर्टची जुळणी कॅलिब्रेशनमध्ये पूर्ण येत नाही. दोन्ही बाजूंना १० डेसिबलचे अ‍ॅटेन्युएटर लावून मग कॅलिब्रेशन केलं तर ही चूक बरीच आवरते. डायनॅमिक रेंज तेवढी कमी होते, हा त्याचा मोबदला.

स्क्रीनचा मोबाइलवर फोटो म्हणजे डेटा नव्हे. संगणकावर टचस्टोन फाइल साठवा. तारीख, वेळ, तापमान, केबल, कोणी जोडलं, हे सगळं वहीत लिहा. हवेच्या तपासणीची फाइलही साठवा. सहा महिन्यांनी तुम्हाला तीच वाचवेल.

माझी त्या हंगामातली पहिल्या दोन महिन्यांची मोजमापं मी बाजूला ठेवली. त्यांच्यासोबत हवेची एकही तपासणी नव्हती, त्यामुळे कोणती चांगली आणि कोणती सरकलेली हे ओळखायला मार्गच नव्हता. गाईड मॅडमना सांगायला गेलो तेव्हा पोटात गोळा आला होता. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आता प्रकरण तीनमध्ये ही चूक आकड्यांसकट लिही." लिहिली. त्या प्रकरणातला तो एक भाग आता मला सगळ्यात भरवशाचा वाटतो.

जानेवारीत परत त्याच शेतावर गेलो. हरभरा घाट्यांनी भरला होता. छोटी केबल, हवा, शॉर्ट, पाणी, माती, परत हवा. मग काकांना आकडा सांगायच्या आधी मीही मूठभर माती उचलली आणि दाबली. काका हसले आणि म्हणाले, "आता सांगा."